पूड तीच, मग गुण कुठं गेला?

प्रश्न : सासूबाई अधूनमधून रात्री चमचाभर सोनामुखीची पूड घेतात, सकाळी पोट साफ. गेल्या महिन्यात दाढेला गळू झालं म्हणून त्यांना अँटिबायोटिक चालू होतं. तेव्हा दोनदा पूड घेतली, काही झालं नाही. भेसळ आहे म्हणून त्या दुकानदाराशी भांडून आल्या. खरंच भेसळ असेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, दुकानदाराला आधी चहा पाजा.

शहापुरात आमची आई एरंडेल द्यायची ते रविवारी सकाळी, घराबाहेर पाय टाकायचा नाही या अटीवर. दोन-तीन तासांत परसाकडं धावाधाव. सोनामुखीचा काढा मात्र रात्री निजताना. तिला कारण ठाऊक नव्हतं, वेळ पक्की ठाऊक होती.

एरंडेल लहान आतड्यातच आपल्या पाचकरसांनी फुटतं. सोनामुखीतल्या सेनोसाइड या रेचक घटकाला साखर चिकटलेली असते, ती आपल्याला तोडता येत नाही. म्हणून ते जवळजवळ जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू साखर काढून घेतात, उरलेल्या जोड रेणूचे दोन तुकडे करतात, आणि तो तुकडा, ऱ्हाइन-अँथ्रोन, हे खरं औषध. त्यानं आतडं आवळू लागतं, मळातलं पाणीही कमी शोषलं जातं. या सगळ्याला ६ ते १२ तास. कोरफडीतल्या बार्बालोइन या रेचक घटकाचंही असंच. जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना ते दिलं तर जुलाब झाले नाहीत. त्यांच्या पोटात एकच विशिष्ट जिवाणू वसवला, तेव्हा झाले.

अँटिबायोटिकनं दाढेबरोबर आतड्यातलेही कामकरी मारले असणार. शिवाय दाढ ठणकत असताना सासूबाई पेजेवरच असतील. पोटात नाही ते बाहेर काय येणार?

तरीही शंका असेल तर पुढच्या वेळी पूड न घेता अख्खी पानं आणा. करडट हिरवी, टोकदार, आणि देठाशी पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात. चाळलेल्या पुडीत यातलं काहीच दिसत नाही.

मात्र चमचे वाढवू नका. जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांत बरीचशी सावरते, आणि त्याच सुमारास दोन चमचे पोटात गेले तर रात्रभर कळा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूड नकोच. दोन्हींमुळं पोटॅशियम उतरू शकतं. लघवी पिवळट-तांबूस झाली तर घाबरू नका, तो रंग सोनामुखीचाच.