'माघार' घेतली की 'माघारी' बोलावलं?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न: मालदीवविषयीच्या मजकुरात 'भारताने सैन्य माघार घेतली' असं वाचलं. हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. व्याकरणाची चूक आधी काढून टाकू. 'माघार' हे स्त्रीलिंगी नाम आहे आणि जो ती घेतो तोच मागे सरतो. 'सैन्याने माघार घेतली' चालतं, 'भारताने माघार घेतली' हेही चालतं. मध्ये नुसतं 'सैन्य' घुसवलं की ते ना कर्ता राहतं, ना कर्म. 'माघारी' हे मात्र क्रियाविशेषण, अर्थ परत. म्हणून 'भारताने सैन्य माघारी बोलावलं' हे सरळ वाक्य. घोळ होतो 'माघारीची मुदत'मुळे. तिथलं 'माघारी' हे 'माघार'चं सामान्यरूप आहे, क्रियाविशेषण नव्हे.

खरी गंमत अर्थात आहे. लासलगावला भाव पटला नाही की शेतकरी कांद्याचा ट्रॅक्टर माघारी नेतो. त्यात हार नाही, झालाच तर हट्ट आहे. पण उमेदवाराने 'माघार घेतली' म्हटलं की समोरचा वरचढ ठरला हे आपोआप आलं (आणि 'कितीला?' हा पारावरचा प्रश्नही).

म्हणून परकीय फौजेच्या वादात क्रियापद निवडणं म्हणजे जवळजवळ बाजू निवडणं. मालदीवचंच पाहा. मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये भारतीय सैनिक घालवण्याचं आश्वासन देऊन तिथले अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांनी मुदत घातली १५ मार्च २०२४. पुढे चर्चेत ठरलं ते वेगळंच: दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान तिथेच ठेवायचं, फक्त ते चालवणारे गणवेशातले लोक १० मेपर्यंत बदलून त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ आणायचे. मालेच्या, म्हणजे मालदीव सरकारच्या, दृष्टीने सैन्य 'हटवलं'. दिल्लीचा भर विमानसेवा चालू राहण्यावर. दोन्ही खरं. 'माघार' या शब्दात यातलं काहीच मावत नाही. 'सैनिकांच्या जागी नागरी कर्मचारी' एवढं लांबलचक लिहिणंच प्रामाणिक.

श्रीलंकेत गुंता आणखी होता. भारतीय शांतिसेना १९८७ मध्ये तिथले अध्यक्ष जयवर्धने यांच्याशी झालेल्या करारानुसार गेली आणि पुढचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी २९ जुलै १९८९ पर्यंत निघा म्हणून बजावलं. म्हणजे एकाने बोलावलं, दुसऱ्याने घालवलं. राजीव गांधींच्या सरकारने ती तारीख मानली नाही. दिल्लीत सरकार बदललं आणि शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. इथे कोलंबोच्या बाजूने 'निघून जायला सांगितलं', दिल्लीच्या बाजूने 'परत बोलावलं'. 'हकालपट्टी' मात्र जपून वापरावा. इराकच्या संसदेने जानेवारी २०२० मध्ये परकीय फौजा घालवण्याचा ठराव केला, पण तो बंधनकारक नव्हता आणि अमेरिकी फौजा तिथेच राहिल्या. तिथे 'हकालपट्टीची मागणी' म्हणावं.

अशा मजकुरात 'यजमान देश' हा शब्दही येतो. यजमान म्हटलं की आपल्याला पाहुणचार आठवतो. पण रामकुंडावर गुरुजी ज्याला यजमान म्हणतात तो विधी करवून घेणारा, आणि दक्षिणाही त्यानेच द्यायची. परकीय फौजेला हा जुना अर्थ कधीकधी फारच चपखल बसतो. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने किमान ६,००० इंग्रजी पायदळ पदरी घेतलं आणि त्याच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. तीच तैनाती फौज. ती 'माघारी बोलवा' असं सांगायची सोय यजमानाकडे नव्हती.

राहिला 'सैन्यवापसी'. तो हिंदीतून आला आहे. मथळ्यात जागा कमी असेल तर 'फौजा परत' लिहा, अक्षरं तेवढीच लागतील.