वाचकांचे प्रश्न : झोपेत दात खाणं आणि जबड्यातलं इंजेक्शन

माझं वय ३८. मी झोपेत करकर दात खाते, असं घरचे सांगतात. सकाळी जबडा जड असतो, कानशिलं ठणकतात, दुपारपर्यंत बरं वाटतं. दुकानातून आणलेला रबरी गार्ड दोन महिन्यांत चावून फाटला. आता बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का? (कराड)

लगेच नको. तुमचा गार्ड फाटला यात नवल नाही. रबरी, मऊ गार्ड तोंडात असला की काही जण तो च्युइंगगमसारखा चघळतच राहतात, आणि सकाळी जबडा आणखी दुखतो. तुम्हाला हवा तो कडक ॲक्रिलिकचा, दातांचं माप घेऊन बनवलेला, सगळ्या वरच्या दातांवर बसणारा गार्ड. दाढांपाशी तो साधारण २ ते ३ मिलिमीटर जाड असतो. बसवताना डेंटिस्ट रंगीत कागद चावायला देतात. दोन्ही बाजूंच्या दाढांचे ठिपके सारखे उमटले पाहिजेत, आणि जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळे टेकले पाहिजेत. हे घासून जुळवण्याचं काम एका बैठकीत संपत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा जावं लागतं, आणि नेमका तोच फेरा बहुतेक जण चुकवतात. गार्ड धुवायचा गार पाण्याने. गरम पाण्यात टाकला की त्याचा आकार बिघडतो.

आता इंजेक्शनबद्दल. ते स्नायूची ताकद कमी करतं, सवय मोडत नाही. झोप क्षणभर चाळवते, मेंदूकडून जबड्याला हुकूम सुटतो आणि दात घासले जातात. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन बाहेर पडतं तेव्हा स्नायू आवळतो. बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन ते रसायन बाहेर पडू देत नाही. हुकूम येतच राहतो, पण तो पाळायला स्नायूत पूर्वीइतका जोर उरत नाही. म्हणून इंजेक्शननंतरही गार्ड सुटत नाही. झिजलेला दात तर कुठल्याच इंजेक्शनने भरून येत नाही.

कडक गार्ड दोन-तीन महिने नियमित वापरूनही सकाळचं दुखणं तसंच राहिलं, कॅप किंवा फिलिंग वारंवार तुटू लागलं, किंवा गार्ड तोंडात धरताच उमासे येत असतील, तर इंजेक्शनचा विचार जरूर करा. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधाला १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मान्यता दिली, २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठी दिली. दात खाण्यासाठी त्यांची मान्यता नाही. डॉक्टर ते आपल्या निर्णयाने वापरतात. तसं तुम्हाला आधी सांगणं आणि संमतीची सही घेणं हे त्यांचं काम.

इंजेक्शन नेमकं कुठे आणि किती देतात? पैसे देण्याआधी काय विचारावं? (सांगली)

दात घट्ट आवळा आणि जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा. बोटांखाली जो गोळा वर येतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. डॉक्टर कानाच्या पाळीपुढच्या उंचवट्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत रेघ धरतात आणि तिच्या खालीच काम करतात. स्नायूची पुढची आणि मागची कड पेन्सिलने आखून घेतात. दोन्ही कडांपासून सुमारे एक सेंटिमीटर आत, जबड्याच्या हाडाच्या खालच्या काठाजवळ, तीन ते पाच ठिपके देतात. सुई ३० गेजची, अर्ध्या इंचाची. टोचायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. खरा वेळ आखणीला लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

बोटॉक्सच्या मापात एका बाजूला साधारण २० ते ३० युनिटं लागतात. कानशिलावरचा स्नायूही दुखत असेल तर तिथे वेगळी १० ते २०. १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाईन घातलं तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिटं येतात. म्हणजे एका बाजूला तीन ठिपके, प्रत्येकी ०.२ मिलिलिटर, असे २४ युनिट झाले. हा हिशेब तुम्हाला कळला की ‘एक सिरिंज इतक्याला’ या भाषेत कुणी भाव सांगितला तर गप्प बसणार नाही. सिरिंज हे माप नव्हे. कुठलं औषध, किती युनिट, किती पातळ केलेलं, असं विचारा. डिस्पोर्ट हे याच प्रकारचं दुसऱ्या कंपनीचं औषध, पण त्याचे युनिट आणि बोटॉक्सचे युनिट एक नाहीत. डिस्पोर्टचा आकडा अडीच-तीन पट मोठा असतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरवता येत नाही.

कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा. सलाईन घालण्याआधी आणि नंतरही ती २ ते ८ अंशांवर राहायला हवी आणि भिजवल्यावर २४ तासांत संपवावी, असं बोटॉक्सच्या पत्रकातच आहे. गेल्या आठवड्यात फोडलेल्या कुपीतलं उरलंसुरलं कुणी देऊ पाहिलं, तर उठून या. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. दवाखान्याच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हे इंजेक्शन टाळतात. जेंटामायसिन, अमिकॅसिन यांसारखी इंजेक्शनं चालू असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

इंजेक्शनला दहा दिवस झाले. हसताना डावा ओठ कमी वर जातो, भाकरी चावताना जबडा लगेच थकतो, आणि दात आवळले की गालात गोटी आल्यासारखी दिसते. काही चुकलं का? (वाई)

तीन तक्रारी, कारणं तीन. भाकरीचा थकवा हा चूक नव्हे, ते औषधाचं कामच आहे. परिणाम तीन ते सात दिवसांत सुरू होतो आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण जोरात येतो. तुम्ही आत्ता तिथेच आहात. भाकरी आमटीत कुस्करून खा. ऊस, चिक्की, सुकं खोबरं काही आठवडे बाजूला ठेवा.

ओठाचं वेगळं आहे. हसू ओढणारे बारीक स्नायू मॅसेटरच्या पुढच्या कडेला लागूनच असतात. ठिपका फार पुढे पडला किंवा औषध तिकडे पसरलं, की ते ढिले पडतात. हे औषध उतरवणारं दुसरं औषध नाही. थांबावं लागतं, बहुधा काही आठवड्यांत फरक पडतो. पुढच्या वेळी ठिपका मागे घ्यायला सांगा. त्यासाठी आजच समोरून हसतानाचा फोटो काढून ठेवा, नाहीतर तोपर्यंत ‘थोडंसं वाकडं होतं’ एवढंच सांगता येईल.

गोटी का येते? मॅसेटरच्या आत कंडरेचा एक पडदा असतो. औषध त्याच्या एकाच बाजूला राहिलं, तर एक थर झोपतो आणि दुसरा सगळा भार घेऊन फुगतो. दोन आठवड्यांच्या तपासणीत त्या जागी अगदी थोडं औषध दिलं की ती बसते. ही तपासणी चुकवू नका. पूर्ण डोस मात्र तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नये. जवळजवळ आणि जास्त डोस घेतले तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग पुढे ते लागूच पडत नाही.

गिळायला त्रास झाला, शब्द जड आले किंवा श्वास लागला, तर मात्र फोटो काढत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

यजमान ५२ वर्षांचे, वजन जास्त, जोरात घोरतात आणि मध्येच दचकून दातही खातात. हेच इंजेक्शन द्यावं का? (फलटण)

आधी झोपेची तपासणी. घोरताना श्वास अडकतो, झोप चाळवते, आणि तशा चाळवण्याबरोबर दात घासले जाण्याची शक्यता असते. दोन्ही आजार एकत्र बरेचदा दिसतात. जबडा ढिला केला म्हणून श्वास मोकळा होणार नाही. एका रात्री फोनवर त्यांचा आवाज टिपून ठेवा. घोरणं थांबतं, शांतता, मग एकदम धाप, असं ऐकू आलं तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ते ऐकवा. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारखी मनाची औषधं चालू असतील तर तेही सांगा. त्यांनीही काहींना दात खाण्याची सवय लागते. संध्याकाळनंतरचा चहा आणि रात्रीची दारू, दोन्ही कमी.

मुलगा सहा वर्षांचा. रात्री दात खातो. सासूबाई म्हणतात पोटात जंत आहेत. (तासगाव)

जंताचं औषध शाळेत मिळतं ते द्याच, पण दात खाण्याचं कारण तेच आहे असं धरून चालू नका. या वयात बरीच मुलं दात खातात आणि मोठी होता होता ते सुटतं. घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइड दाखवा. इंजेक्शन या वयाला नाहीच.

आईचे दात झिजलेत. ती पूर्वीपासून मिशरी लावते. झीज मिशरीची की दात खाण्याची, कसं ओळखायचं? (जत)

आरशासमोर दात मिटवून बघा. मिशरी बोटाने घासली जाते, म्हणून झीज दातांच्या बाहेरच्या अंगाला, हिरडीजवळ खाच पाडते. दात खाल्ल्याने झिजतात ते टोकं आणि चावण्याचे भाग: सुळा बोथट, समोरचे दात फरशी घासल्यासारखे सपाट. जबडा बाजूला सरकवला तर वरची सपाटी खालच्या सपाटीवर बेतून बसवल्यासारखी जुळते. दोन्ही प्रकार एका तोंडात असू शकतात. तंबाखूतल्या निकोटिनने झोपेत दात खाणं वाढू शकतं, म्हणजे मिशरी दोन्हीकडून नुकसान करते. डेंटिस्टकडे दातांचा प्लास्टरचा साचा करून घ्या आणि त्यावर तारीख लिहा. सहा महिन्यांनी तो दातांशेजारी धरला की झीज थांबली की चालू आहे ते दिसेल.