प्रश्नावली छापायच्या आधी

तुझ्या प्रबंधाचा विषय वाचला. ‘सोलापूर जिल्ह्यातील लोकप्रशासन : एक अभ्यास’. अरे, ११ तालुके, झेडपी, महापालिका... जन्म जाईल यात! एकच खिडकी धर. समजा, उत्तर सोलापूर तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत ठरते, ती हुकली तर अपील करता येतं. मग दाखला लांबला तरी लोक अपिलात का जात नाहीत? हा झाला प्रश्न.

सिद्धांताचं प्रकरण नोकरशाहीचा सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्स वेबरपासून सुरू करून पानं भरू नकोस. गाईड खूश होतील, तेवढंच. इथे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की कामाचा. १९८० मध्ये त्याने मांडलं की खिडकीवरचा कर्मचारी अपुऱ्या वेळात जे निर्णय घेतो, तेच लोकांच्या वाट्याला येणारं धोरण.

प्रश्नावली मात्र जपून. ‘आपण सेवेबाबत समाधानी आहात का?’ असं कारकुनादेखत विचारलंस तर नाही कोण म्हणेल? ‘किती हेलपाटे झाले? शेवटी कोणता कागद मागितला?’ असं विचार, तेही बाहेर चहाच्या टपरीवर. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांशी बोलायचं तर तेलुगू येणारं कुणी सोबत ने.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाक, उत्तराची मुदतच ३० दिवसांची आहे. ‘विलंब का होतो’ असलं काही लिहू नकोस. अर्ज आल्याची नि दाखला दिल्याची तारीख असलेल्या नोंदींची प्रत माग. नावं वगळून चालतील.