आठ वर्षांचं नैराश्य आणि अंगदुखी : मेंदूवरच्या मशीनचं 30 सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

तुम्ही केजहून लिहिलंय. ताईंना आठ वर्षांपासून नैराश्य आहे, मान-कंबर-पाय सतत दुखतात, तीन-चार डॉक्टर झाले. आता शहरातलं एक सेंटर 'ब्रेन मॅपिंग करून मेंदूवरच उपचार' म्हणतंय आणि पैसे आगाऊ मागतंय.

पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : मशीन कोणतं? 'मेंदूवर उपचार' या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. डोक्याला वायरी लावून स्क्रीनवरचा खेळ खेळायला लावणं म्हणजे न्यूरोफीडबॅक. त्याचा पुरावा कच्चा आहे, मी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही. ब्रेन मॅपिंगच्या रंगीत चित्रावरून नैराश्याचं निदानही होत नाही. ते निदान डॉक्टर बोलून, तपासून करतात. चुंबकीय लहरींचं मशीन, म्हणजे आरटीएमएस, मात्र खरा उपचार आहे. नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला 2008 मध्ये मान्यता मिळाली. दोन औषधं पुरेशा डोसने घेऊनही ज्यांना फरक पडला नाही, त्यांतल्या साधारण निम्म्यांना याने बऱ्यापैकी आराम पडतो.

आता दुखण्याचं. नैराश्यासाठी कॉइल, म्हणजे त्या मशीनचा डोक्यावर धरायचा भाग, डाव्या कपाळाच्या वर ठेवतात. दुखण्यासाठी ती मागे, हात-पाय हलवणाऱ्या भागावर ठेवतात. जोरही वेगळा. पहिल्या दिवशी डोक्यावर कॉइल सरकवत उजवा अंगठा कुठे उडतो ते पाहतात. दहा ठोक्यांत पाच वेळा अंगठा हलला, की तो जोर त्या माणसाचा शंभर टक्के धरायचा. नैराश्याला साधारण त्याच्या 120 टक्के, दुखण्याला बहुतेकदा 80 ते 90. म्हणून 'एकाच सिटिंगमध्ये दोन्ही बरं होतं' असं कोणी म्हणालं, तर कॉइल कुठे ठेवणार आणि जोर किती, हे विचारा. उत्तर नीट आलं नाही तर उठून या. आणि नसेच्या दुखण्याला याचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध झालाय, सगळं अंग दुखण्यात फायदा माफक असतो.

अंगठ्याची तपासणी न करता थेट खुर्चीत बसवलं तर तो उपचार घेऊच नका. डोक्यावरच्या टोपीला पेनाने खुणा करतात. तीच टोपी रोज त्याच जागी बसली पाहिजे, बोटभर सरकली तरी ठोके भलतीकडे पडतात. जुन्या पद्धतीत 4 सेकंद टकटक आणि 26 सेकंद विश्रांती, असे 3000 ठोके, साडेसदतीस मिनिटं. नव्या पद्धतीत 600 ठोके तीन मिनिटांत होतात, त्यामुळे कमी वेळ लागला म्हणून फसवलं असं समजू नका. कानात बोळे हवेतच. सुरुवातीला डोकं दुखतं, ते बहुतेकदा आठवडाभरात कमी होतं.

फिट येण्याचा धोका हजारात एकापेक्षाही कमी, पण तो वाढवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे सर्रास असतात. कंबरेसाठी दिलेली ट्रॅमाडॉलची गोळी, दारू आणि जागरण. ट्रॅमाडॉल तर नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांबरोबरही धोक्याची, हे दोन वेगळ्या डॉक्टरांकडून औषध घेताना राहून जातं. रात्रीच्या एसटीने जागून येऊन सकाळी खुर्चीत बसवू नका. पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र असेल, पेसमेकर असेल तर आधी सांगा.

सगळ्यात जास्त फसतं ते येण्या-जाण्यात. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. सोयाबीनच्या काढणीत दहा सिटिंगला घरी परतलं, की पैसेही गेले आणि 'हे पण लागू पडलं नाही' हे मनात बसतं. राहायची सोय असेल तरच सुरू करा. पैसे आठवड्या-आठवड्याने भरा.

पण माझ्या मते ताईंचं पहिलं पाऊल मशीन नाहीच. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे. मानसोपचार ओपीडीत दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व बी-12 आणि डी, आणि साखर तपासून घ्या, कारण यातले बिघाड थकवा आणि अंगदुखी दोन्ही वाढवू शकतात. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप, वजन घटणं यांतलं काही असेल तर आधी मणक्याची तपासणी. मग डॉक्टरांना विचारा, ड्युलोक्सेटीन चालेल का? ते नैराश्य आणि दुखणं दोन्हींवर काम करतं. साधारणपणे 30 मिलिग्रॅमने सुरू करून 60 वर नेतात. पहिला आठवडा मळमळ होऊ शकते आणि काहीजण तिथेच सोडतात. निकाल सहा आठवड्यांनी बघायचा, आणि बंद करायचं तेही डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू.

औषधाबरोबर बोलून करायचा उपचारही मेंदूवरचाच आहे. जुन्या पाठदुखीच्या 151 लोकांवर अमेरिकेत अभ्यास झाला. 'मणका मोडलेला नाही, मेंदू धोक्याची घंटा उगाच वाजवतोय' हे चार आठवड्यांत समजावून शिकवलेल्यांपैकी 66 टक्के जवळपास दुखणंमुक्त झाले, नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत 10 टक्के. ते लोक हलक्या ते मध्यम दुखण्याचे होते, एवढं ध्यानात ठेवा. घरी करायचं ते साधं. तीन दिवस ताई न थांबता किती मिनिटं चालतात ते लिहा. सरासरी दहा आली तर आठ मिनिटांनी सुरू करा, दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळं धुणं काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंग धरतं आणि मग चार दिवस अंथरूण.

जीव नकोसा होतो असं त्या म्हणत असतील तर वाट बघू नका. 14416 वर फोन करा, टेली-मानस फुकट आणि चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध घरातून हलवा. अशा वेळी आरटीएमएस फार हळू पडतं. भूल देऊन दिले जाणारे शॉक लवकर काम करतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायला 2017 च्या कायद्याने बंदी आहे.

ओपीडीला जाताना एमआरआयची फिल्म घरी राहिली तरी चालेल, पण आठ वर्षांत घेतलेल्या गोळ्यांच्या जेवढ्या पट्ट्या सापडतील तेवढ्या पिशवीत घालून न्या.