'सोनेतारण' आणि 'तारण पावणे'

सांगलीतल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आला आहे: "आमच्या दारावर 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी आहे. परवा मिरजेला मैत्रिणीबरोबर तिच्या चर्चमध्ये गेले, तर तिथे 'कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण' असं ऐकलं. शब्द एकच का? आणि एकच असेल, तर देवाकडे विश्वास तारण ठेवायचा आणि त्यावर स्वर्ग मिळवायचा, असा अर्थ घ्यायचा का?"

ताई, शब्द एकच आहे. अर्थ मात्र तुम्ही लावलात त्याच्या नेमका उलट आहे.

मुळात संस्कृत 'तॄ', म्हणजे पार जाणे. तरणे, तारणे, तारू, तारक ही सगळी त्याचीच लेकरं. तीर्थ आणि अवतारही त्याच घरचे. 'देव तारी त्याला कोण मारी' यातला 'तारी' तोच. पुरातून पैलतीराला नेणे, बुडणाऱ्याला वाचवणे हा पहिला अर्थ. कृष्णाकाठच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, २०१९ चा पूर पाहिलेल्याला तर नाहीच. मग तो पतसंस्थेत कसा पोचला? मराठीत पैसेही बुडतात, कर्जही बुडीत जातं. ते बुडू नये म्हणून हाताशी ठेवलेली वस्तू ती तारण. माझ्या मते वाट ही अशी आहे. म्हणजे चर्चने तुमचा शब्द उसना घेतलेला नाही. तिथे त्याचा जुना अर्थ टिकून आहे.

दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळू नयेत याची सोय भाषेने क्रियापदांत करून ठेवली आहे. तुमच्याकडे तारण 'ठेवतात', 'देतात', 'सोडवतात'. ख्रिस्ती मराठीत तारण 'होतं', 'मिळतं', माणूस तारण 'पावतो'. 'मी तारण ठेवलं' यात कर्ता मी. 'माझं तारण झालं' यात करणारा दुसराच कोणीतरी, मी फक्त ज्याच्या बाबतीत ते घडलं तो. चर्चमध्ये कुणी 'मी तारण ठेवलं' म्हटलेलं ऐकू येणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. ते वचन बायबलमधलं: येशूचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, म्हणजे इफिसकरांस, लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं, आठवं. त्यात कृपेला 'ने' लागला आहे आणि विश्वासाला 'च्या द्वारे'. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपला 'ने' मोठा पसरट प्रत्यय आहे: पुराने घर पडलं, दोरीने बांधलं, शंभर रुपये किलोने घेतलं. कारण, साधन आणि भाव, तिन्ही त्यात बसतात. 'विश्वासाने तारण' एवढंच म्हटलं, तर विश्वास ही मोजलेली किंमत वाटू शकते. 'द्वारे' म्हटल्यावर ती शंका उरत नाही. द्वार म्हणजे दार. दारातून आत येतात, दार मोजून देत नाहीत. मूळ ग्रीकमध्येही 'खारिस' म्हणजे कृपा नुसत्या विभक्तीत आहे आणि 'पिस्तिस' म्हणजे विश्वास याच्या आधी 'दिआ', म्हणजे 'मधून', हे अव्यय आहे.

पुढे पौल म्हणतो, 'हे' तुमच्या हातून झालेलं नाही, 'हे' देवाचं दान आहे. कोणतं हे? ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी आणि सर्वनाम नपुंसकलिंगी, म्हणून ते दोहोंपैकी एकट्या शब्दाला सरळ चिकटत नाही. बहुतेक जाणकार ते आधीच्या सगळ्या घटनेकडे नेतात. मराठीत विश्वास असता तर 'हा' आलं असतं, कृपा असती तर 'ही'. 'हे' जुळतं तारणाशी. अनुवादात लिंग असं नेमकं जुळून यावं, हे पाहून मला खरोखर आनंद होतो.

विश्वास हे माणसाचं कर्तृत्व म्हणायचं का, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, शतकानुशतकं वाद झाला. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर याच्या काळात तर त्यावरून मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन (लूथरच्या परंपरेतल्या) प्रतिनिधींनी याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केलं. सत्कर्मं नकोत असं कुणीच म्हणत नाही. त्याच पत्रात, दोनच वचनांनंतर ती येतात, पण मागून, फळ म्हणून.

तेव्हा विश्वास तारण ठेवायचा नसतो. तुमच्या धंद्यातला 'विनातारण' हा शब्द कृपेच्या जवळ येतो, पण तिथेही कर्ज फेडावं लागतंच. इथे फेडच नाही.

देवघेवीचा आणखी एक शब्द मात्र मराठी बायबलने थेट बाजारातून उचलला आहे, तो त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात सापडेल: 'विसार'. बैल किंवा जमीन ठरली की घेणारा थोडे पैसे आगाऊ देऊन शब्द पक्का करतो, तोच विसार. ग्रीकमध्ये तिथे 'अर्राबोन' आहे, तोही व्यापाऱ्यांचाच शब्द. पौल म्हणतो, पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या वारशाचा, विसार आहे. हा विसार माणूस देवाला देत नाही, देव माणसाला देतो.