टुलिकला निघण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अलास्कातल्या टुलिकच्या संशोधन केंद्रावर उन्हाळाभर घरटी पाहणार, हे वाचून फार आनंद झाला. कपडेलत्ते, डासांची जाळी वगैरे तिथले लोक सांगतील. मी पक्ष्यांपुरतंच लिहिते.

जूनच्या सुरुवातीला लॅपलँड लाँगस्पर या जमिनीवर घरटं करणाऱ्या छोट्या पक्ष्याचे नर गात असतील. टुंड्रात झाडच नाही, म्हणून नर हवेत चढतो आणि पंख पसरून गात गात खाली उतरतो. कोण कुठे गातो, ते याच दिवसांत नकाशावर मांडून घे. जोडी जमून अंडी झाली की गाणं ओसरतं आणि नवख्याला वाटतं, पक्षी गेले. ते तिथेच असतात. मादी गवताच्या उंचवट्याला चिकटून, पिसांचं अस्तर लावलेल्या घरट्यात बसलेली असते. खरं काम इथून पुढे.

तिला शोधायला गवत तुडवत फिरू नकोस. लांब बस आणि दुर्बीण लाव. उबवायचं काम ती एकटी करते, सुमारे 12 दिवस. मधूनच उठते, घाईघाईने किडे टिपते आणि परत येते. ती कुठे दिसेनाशी होते ते पुन्हा पुन्हा पाहिलंस की घरटं सापडेल.

सापडलं तरी रोज डोकावू नकोस. तिथे जूनमध्येही बर्फ पडतो. अशा थंडीत मादीला उठवलंस तर अंडी गारठतात. अंडी-पिल्लं पळवणारा स्कुआ पक्षी घिरट्या घालत असेल तर जवळ जाऊच नकोस. एरवी गेलीस तरी घरट्यापासूनच मागे न फिरता पुढे चालत राहा, म्हणजे वासावर येणाऱ्या कोल्ह्यासाठी तुझी वाट घरट्यापाशी संपणार नाही. पिल्लं आठवड्याची झाली की लांबूनच बघ. उडता येण्याआधीच, साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी ती घरटं सोडतात. घाबरली तर त्याआधीच बाहेर उड्या टाकतात.

एखादं घरटं रिकामं मिळेलच. फार वाईट वाटतं, मला अजूनही वाटतं. पण ‘कोल्ह्याने नेलं’ असं अंदाजाने लिहू नकोस. बिळांतल्या खारीही अंडी खातात. अस्तर उपसलंय का, कवचाचे तुकडे आहेत का, तेवढंच लिही.

आणि ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत ब्लूथ्रोट शोध. आपल्याकडे हिवाळ्यात तळ्याकाठच्या गवतात शेपटी उडवत फिरतो, तीच जात. तिथे तो गातो. ऐकलास तर लगेच कळव.

तुझी,
मावशी