‘एका स्त्रीचा पती’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे: बायबलाच्या नव्या करारातल्या १ तीमथ्य या पत्रात (३:२) मंडळीचा, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाजाचा, अध्यक्ष ‘एका स्त्रीचा पती’ असावा असे म्हटले आहे. ही मनाई दोन बायका असणाऱ्याला, घटस्फोट घेतलेल्याला, की पुन्हा लग्न केलेल्या विधुरालाही?

मूळ ग्रीक शब्द ‘मियास गुनाइकोस आन्द्रा’. ‘मियास’ म्हणजे ‘एका’. तो आधी ठेवल्याने जोर त्याच्यावर येतो. ‘गुने’ म्हणजे स्त्रीही आणि पत्नीही, आपल्या ‘बायका’सारखेच. त्यामुळे नुसत्या कोशावरून निकाल लागत नाही.

हे पत्र इफिस या ग्रीक-रोमन शहरातल्या मंडळीसाठी आहे. ग्रीक-रोमन रिवाजात एका वेळी एकच कायदेशीर पत्नी असे. मात्र घटस्फोट सोपा होता, आणि रखेल किंवा घरातली दासी यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला समाज फारसे हटकत नसे. यहुद्यांत दोन बायका चालत. मृत समुद्राजवळच्या गुहेत बाबाथा नावाच्या यहुदी स्त्रीची दुसऱ्या शतकातली कागदपत्रे सापडली. तिच्या दुसऱ्या नवऱ्याला आणखी एक बायको होती. म्हणून बहुपत्नीत्वाचा अर्थ अशक्य नाही, पण इफिसात तो मुख्य प्रश्न नसावा.

खरी किल्ली याच पत्राच्या ५:९ मध्ये आहे. मंडळीच्या विधवांच्या यादीत घ्यायची स्त्री साठीच्या आतली नसावी आणि ती ‘एका पुरुषाची पत्नी’ असावी. हा तोच वाक्प्रचार, फक्त उलटवलेला. एका स्त्रीला एका वेळी अनेक नवरे असण्याची चाल तिथे नव्हतीच, तेव्हा मनाई बहुपतित्वाला असू शकत नाही. मग एकदाच लग्न झालेली, असा अर्थ घ्यावा? रोमन थडग्यांवर ‘युनिविरा’, म्हणजे एकाच पुरुषाची, हे गौरवाने कोरलेले आढळते. रोमन सम्राट ऑगस्टसचे कायदे मात्र तरुण विधवांना पुन्हा लग्नाकडे ढकलत. पण ५:१४ मध्ये हेच पत्र तरुण विधवांना लग्न करायला सांगते. कडक अर्थ घेतला, तर हा सल्ला पाळणारी म्हातारपणी यादीतून बाद होते!

प्राचीन ख्रिस्ती लेखकांपैकी तर्तुलियनने पुनर्विवाहबंदीचा अर्थ धरला. मोप्सुएस्तियाच्या थिओडोरने एकीशी निष्ठेने राहणारा, असा. मला थिओडोरचा अर्थ पटतो.

तरी भाषांतरात ‘एकपत्नीव्रती’ घालू नये. तो शब्द ऐकताच सीतेमागे दुसरी पत्नी न करणारा राम आठवतो, आणि अर्थ आपोआप तर्तुलियनकडे झुकतो. मराठी बायबलातले ‘एका स्त्रीचा पती’ मूळची संदिग्धता जशीच्या तशी ठेवते. याच पत्रात ३:१२ आणि तीत या दुसऱ्या पत्रात १:६ इथेही हेच शब्द आहेत. तिथेही ते बदलू नयेत.